औट आणि वर केसभर

सांवेर रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये
गाडी चार ओंडक्यांवर उभी आहे.
प्लिमथ. दोन दारं, आठ सिलिंडर,
रंग कधीकाळी निळा.
सलामतभाईंनी शाफ्टवर खडूने रेघ ओढली,
टायरवर दुसरी,
म्हणाले, ताई, चाक तुम्ही फिरवा, मोजतो मी.

चाकाचा एक फेरा.
शाफ्टचे तीन, आणि वर पाव भरता भरता राहिलेला.
सव्वातीनला जरा कमी. गुरगुरणारी, झिजलेली
मूळची जोडी.
कुठल्याशा परदेशी सरळ रस्त्याचं गणित,
जिथे पाटनीपुऱ्याचा चौक येतच नाही.

भाऊ पुण्याहून फोनवर: चार-दहा घाल, चार-दहा!
पहाटे पाचला बायपासवर
रबर जाळत सुटेल.
त्याला गाडी सुटलेली पाहायची आहे.
दिवाळीचे दोन दिवस येतो.
उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस इंजिन माझ्या कानाशी ओरडणार,
आणि मी पंपावरच बिऱ्हाड करायचं.

आबा मिलमध्ये वीव्हिंग मास्तर.
मिल बंद पडली तेव्हा अकरा महिन्यांचा पगार थकलेला,
शेटजींनी हिशेबात ही गाडी दिली.
घरात तेव्हा दोन सायकली.
एकीला ब्रेक नव्हता.
आबा ही चालवायला शिकले नाहीत.
दसऱ्याला बॉनेटवर झेंडू, की पुन्हा ताडपत्री.

पण दात त्यांना कळायचे.
लूमचं चेंज व्हील खिशात घालून घरी यायचे,
ताटाशेजारी ठेवायचे,
आई ओरडायची, ते मला म्हणायचे,
एक दात इकडचा तिकडे झाला
तर चादरीची मच्छरदाणी होते.
आणि मग सवायकी, दिडकी, औटकी.
औट दुणे सात, औट त्रिक साडेदहा.
वर्गात दुसऱ्या कुणाला येत नव्हती.
चाळीस वर्षं मला कळलं नाही
ही खर्च कुठे करायची.

सलामतभाईंनी सियागंजातून आणलेली तिसरी जोडी
वर्तमानपत्रातून सोडवली.
ग्रीसवर बातम्या उलट्या उमटलेल्या.
क्राऊनला एकोणचाळीस दात, पिनियनला अकरा.
मी दोनदा मोजले, बोट काळं.
साडेतीन आणि वर केसभर.

मेख अशी आहे, ते म्हणाले,
एकोणचाळीसला अकराने भाग जात नाही.
हा दात त्याच दाताला पुन्हा भेटतो
चाकाचे अकरा फेरे झाल्यावर,
मधे सगळ्यांना भेटून येतो.
म्हणून एकच एकाला खात नाही.
(हे चार-दहालाही लागू आहे.
ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.)

जायचंय कुठे, बोला, मग दात ठरतील.
मला कुणी असं विचारलं नव्हतं.
बदली झाली तिथे गेले, लग्न ठरलं तिथे गेले,
परत आले तेही कुणी न विचारता.
मी म्हणाले, भेरूघाट.
खंडवा रोडने, कण्हत नाही असा,
आणि उतरून मोरटक्क्याच्या पुलापर्यंत.
पुढचं पुढे.

ते हसले. दातांना पिवळा लेप लावला,
हळदीसारखा,
जोडी हाताने फिरवली.
जिथे दात दाताला टेकला तिथली हळद पुसली गेली,
दाताच्या मधोमध, डाळीएवढी.
बसली, म्हणाले.
मग झाकण, दहा बोल्ट,
तेल भोकाच्या काठाशी येईपर्यंत,
करंगळी घालून पाहिलं.

एक आहे, ताई. काटा आता खोटं बोलणार.
साठ दाखवेल तेव्हा तुम्ही पंचावन्नला असाल.
त्याचं एक छोटं चक्र मिळतं, मागवावं लागेल,
महिना जाईल.

पंचावन्न माझं वय.
मी म्हणाले, राहू द्या.
ओंडके काढा.